भांडं केवढं, वाटा किती

आजचा प्रश्न चौथीच्या गणितासारखा आहे. एका भांड्यात इतके लिटर मावतात, तर त्यात किती जणांचं भागेल? भांड्याला पेल्यानं भागा, उत्तर लिहा, पाटी पुसा. लातूर-नांदेडकडच्या माणसाला मात्र एप्रिल-मे आला की कळतं, हा भागाकार वहीत सुटतो तसा दारात सुटत नाही. टँकर पाच हजारांचा असतो, वस्तीत माणसं अडीचशे असतात, आणि तरी शेवटच्या चार घरांच्या घागरी रिकाम्या राहतात. हे असं का होतं, एवढंच आज बघायचं आहे.

पहिलं उदाहरण मी मुद्दाम बिअरचं घेतोय. समोरच्या रांगेत दोघा-तिघांच्या भुवया वर गेल्या, दिसल्या मला. पण बिअरचं पिंप, ज्याला केग म्हणतात, ते या कामासाठी फार सोयीचं आहे. पोलादी, बंद, कारखान्यात मोजून भरलेलं. उन्हानं आटत नाही, वाटेत सांडत नाही, मध्ये कुणी हात घालत नाही. इथं तरी हिशेब सरळ सुटायला हवा.

युरोपात केग साधारण ५० लिटरचा, ३० लिटरचा किंवा २० लिटरचा असतो. अमेरिकेत गंमत आहे. तिथं ज्याला लोक ‘पूर्ण केग’ म्हणतात त्याचं व्यापारी नाव ‘हाफ बॅरल’, म्हणजे अर्धं पिंप. त्यात साडेपंधरा अमेरिकन गॅलन मावतात, सुमारे ५८.७ लिटर. पूर्ण बॅरल हे माप कर आणि हिशेबाच्या वह्यांत असतं, दुकानात त्या आकाराचा केग सहसा मिळत नाही. म्हणजे अर्धं आहे तेच पूर्ण. इंग्लंडात ‘फर्किन’ नावाचं नऊ गॅलनचं पिंप असतं, जवळपास ४१ लिटर. आणि तिथला गॅलन अमेरिकेच्या गॅलनहून मोठा. आपल्याकडे प्रत्येक बाजारपेठेचा शेर वेगळा असायचा, तसंच हे.

आता ५० लिटरचा केग घ्या. किती जणांना पुरेल? ३३० मिलिलिटरच्या बाटलीएवढा वाटा धरला तर १५१ वाटे. अर्ध्या लिटरचा मग धरला तर बरोबर १००. इंग्रजी पाइंट ५६८ मिलिलिटरचा, त्या हिशेबानं ८८. आपल्याकडची मोठी बाटली ६५० ची, ती धरली तर ७६ भरतात आणि तळाशी थोडं उरतं. केग एकच, आतला माल तोच, आणि उत्तर ७६ पासून १५१ पर्यंत. दुपटीचा फरक आहे हा, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही.

बरं, हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात तोटी उघडली की आधी फेस येतो. केग हलवलेला असेल, नीट थंड नसेल, ओतणारा नवखा असेल, तर फेस जास्त. नळीत थोडी राहते, तळाशी थोडी राहते. अनुभवी माणूस पाच ते दहा टक्के सोडूनच हिशेब करतो. म्हणजे १५१ चे १३५ ते १४५ धरावेत. फेस हा मालात धरायचा की नाही, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं भांडण जुनं आहे. जर्मनीत यावर सोपा तोडगा काढलाय. ग्लासावर एक रेघ असते, द्रव त्या रेघेपर्यंत आला पाहिजे, फेस त्याच्या वर. आपल्या आज्या धान्य मोजताना म्हणायच्या, ‘सपाट देऊ नको, शिगोशीग दे.’ शीग मापात धरायची का वरची, हा तोच वाद. फरक इतकाच की शिगेत धान्य असतं आणि फेसात हवा.

केगमध्ये किती उरलंय हे बाहेरून दिसत नाही. त्यावर उपाय तुमच्या स्वयंपाकघरात आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. आत गॅस १४.२ किलो हवा, एकूण वजनातून टाकीचं वजन वजा करा, कळतं. केगचंही तसंच. रिकाम्याचं वजन माहीत असेल तर भरलेला तोला, वजाबाकी करा, जितके किलो तितके साधारण लिटर. ही युक्ती लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

तर कोणत्याही भांड्याबाबत तीन गोष्टी वेगळ्या असतात. भांड्यावर काय लिहिलंय. भांड्यातून प्रत्यक्ष काय बाहेर येतं. आणि पेला केवढा आहे. पहिली गोष्ट वाचता येते, दुसरी मोजता येते. तिसरी कुणीतरी ठरवलेली असते. ‘किती जणांना पुरेल’ याचं उत्तर भांड्यात नसतं, ते पेला ठरवणाऱ्याच्या हातात असतं. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते हेच, बाकी सगळा पुरावा.

हा विचार माझा नाही, फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, पाचव्या भागात, न्याय दोन प्रकारचा सांगितला. एक निसर्गानं आलेला, दुसरा माणसांनी आपसांत ठरवलेला. ठरवलेल्या न्यायाला उदाहरण काय द्यावं? त्यानं दारू आणि धान्य मोजायची मापं घेतली. ती सगळीकडे सारखी नसतात, घाऊक खरेदी होते तिथं मोठी असतात आणि किरकोळ विक्री होते तिथं लहान, असं तो म्हणतो. मी हे वर्गात अनेक वर्षं शिकवलं, आणि दरवेळी मोंढ्यातल्या आडत्याचा मुलगा गालातल्या गालात हसायचा.

आपला कौटिल्य तर याहून रोखठोक. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार दिलेत. राजाच्या उत्पन्नासाठी धान्य घ्यायचा द्रोण २०० पळांचा. बाजारातल्या व्यवहाराचा १८७½ पळांचा. नोकरचाकरांना द्यायचा १७५ चा, आणि अंतःपुरात द्यायचा १६२½ चा. नाव एकच, द्रोण. घेताना मोठा, देताना लहान. यात लपवाछपवी नाही, सरळ नियम म्हणून लिहून ठेवलंय. गावच्या सावकाराकडे घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी असायची, तेव्हा तो निदान चोरून करत होता.

आता लातूरला येऊ.

२०१६ चा उन्हाळा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. लातूर शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्च महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं. ११ एप्रिलला पहिली गाडी मिरजेहून निघाली, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून १२ ला पहाटे लातुरात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटरची. ऑगस्टच्या ९ तारखेपर्यंत १११ फेऱ्या झाल्या आणि एकूण २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी आलं, हा आकडा सगळीकडे छापून आला.

हा आकडा जरा उलटा तपासून बघा. नऊ फेऱ्या दहा वाघिणींच्या धरा, ४५ लाख लिटर. उरलेल्या १०२ फेऱ्या पन्नास वाघिणींच्या, २५ कोटी ५० लाख. बेरीज २५ कोटी ९५ लाख. लिटरालिटराचा मेळ बसतो. आता माझ्यासारख्या संशयी माणसाच्या मनात लगेच येतं, खरं मोजलेलं पाणी इतकं गोल कधी निघत नाही. माझ्या मते हा आकडा मोजलेला नाही, गुणलेला आहे. वाघिणीवर जे लिहिलंय त्याला फेऱ्यांनी गुणलं. यात कुणाची लबाडी नाही. घाईच्या काळात असंच करतात आणि आकडा साधारण बरोबरच असणार. पण आपण मघाशी म्हटलं त्या तीन गोष्टींपैकी ही पहिली आहे, दुसरी नाही. पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवायचं, तिथून शुद्धीकरणाला न्यायचं, तिथून टँकरमध्ये भरून वस्तीवर. दर टप्प्याला थोडा फेस जातो.

आणि तिसरी? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. पंचवीस लाख लिटरची गाडी म्हणजे माणशी साडेसहा लिटर. १२ एप्रिल ते ९ ऑगस्ट हे १२० दिवस होतात. सगळं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं असं धरलं तर माणशी रोज साडेपाच-पावणेसहा लिटर पडतं. गटारव्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा आपल्या देशातला नियोजनाचा निकष आहे. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था जगभर जो किमान निकष मानतात तो १५ लिटरचा. म्हणजे बातम्यांत ‘पंचवीस लाख लिटर’ ऐकून छाती दडपते, पण पेल्यात उतरवलं की ते प्यायला आणि भाताला पुरेल एवढं. म्हणून रेल्वेला नावं ठेवू नका. ते पाणी आलं नसतं तर काय झालं असतं, हे लातूरकराला सांगायला नको. मी फक्त एवढंच म्हणतोय की मोठं भांडं दाखवलं की पेला विचारायचा.

खेड्यात हिशेब वेगळा. टंचाईच्या काळात टँकरनं पाणी देताना माणशी रोज २० लिटर धरतात. पाच हजारांचा टँकर, २५० माणसं. बाराशे पन्नास वस्तीच्या गावाला दिवसाला पाच खेपा. या विसात काय काय बसतं? प्यायला आणि स्वयंपाकाला सहा-सात लिटर. भांडी, हात-पाय. अंघोळ एखादी तांब्या-दोन तांब्यांची. संडासचा फ्लश एकदा ओढला की सहा ते दहा लिटर जातात, म्हणजे विसाच्या पेल्यात फ्लशला जागाच नाही. नळयोजना असेल तर जलजीवन मिशननं माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलंय. एकच माणूस, एकच तहान, पण नळाखाली उभा राहिला तर ५५, टँकरमागे उभा राहिला तर २०, आणि शहरात फ्लॅट घेतला तर १३५. कौटिल्याचे चार द्रोण आठवतात का?

भागाकारात वरच्या आकड्याकडे सगळे बघतात, खालच्याकडे कुणी बघत नाही. गावाची लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरली? २०११ ची धरली तर तेव्हा जन्मलेली पोरं आता मोठी झाली. दुसरं असं की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. नेमकं टँकर सुरू व्हायच्या वेळी गाव भरतं. त्यात लग्नसराई. पोरीबाळी माहेरी येतात. पाव्हण्याला पाणी विचारायचं नाही, असं आपल्याकडे होत नाही. कागदावरचे बाराशे पन्नास मे महिन्यात सहज पंधराशे होतात आणि वीस लिटरचे सोळा.

शिवाय टँकर बऱ्याचदा विहिरीत किंवा टाकीत रिकामा करतात. विहिरीत सोडलं की काही मुरतं, काही गढूळ होतं, आणि पोहऱ्यानं ओढताना ज्याच्या मनगटात जोर त्याचा पेला मोठा. घरी दोनशे लिटरचं टिपाड आहे त्याचं एकदाच भरतं. जिच्याकडे दोन घागरी आहेत तिला दहा हेलपाटे. टिपाड परवडणं हासुद्धा पाण्याचाच वाटा आहे. आणि घरात आलेल्या पाण्याचा पेला कोण ठरवतं? सासऱ्याची अंघोळ आधी, सुनेची उरलं तर. याला शासन निर्णय लागत नाही.

आता बिअर आणि पाणी एकत्र आणायची वेळ झाली. त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य उद्योगांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचं पाणी जायकवाडीचं. चांगल्या, काटकसरी कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण चार लिटर पाणी लागतं; धुणं, उकळणं, थंड करणं सगळं धरून. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात याहून बरंच जास्त. म्हणजे ५० लिटरच्या एका केगमागे २०० लिटर पाणी. एका केगमागे एक टिपाड. दहा माणसांचा टँकरच्या हिशेबानं एका दिवसाचा वाटा.

हे ऐकून टाळ्या वाजवायच्या असतील तर थांबा. बिअरवर राग काढणं सोपं आहे, कारण ती चारचौघांत वाईट समजली जाते. त्याच मापानं ऊस मोजा. उसाला एका हंगामात हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी धरलं, पावसाचा वाटा धरूनच धरलं, तर ते होतं दोन कोटी लिटर. लातूरला १११ फेऱ्यांत आलेलं सगळं पाणी, २५ कोटी ९५ लाख लिटर, म्हणजे तेरा हेक्टर. बत्तीस एकर ऊस. मांजरेच्या काठानं गाडीतून गेलात तर बत्तीस एकर ऊस मागे टाकायला काही मिनिटंही लागत नाहीत. उसाला मी शत्रू म्हणत नाही, त्यानं याच भागातल्या कितीतरी पोरांची शिक्षणं केली. पण केगचा पेला डोळ्यावर येतो आणि फडाचा येत नाही, यात पाण्याचा हिशेब कमी आणि आपल्या सोयीची नीती जास्त आहे.

धरणाच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो. जायकवाडीची क्षमता १०२ टीएमसी म्हणतात. त्यातले २६ टीएमसी मृतसाठा. ते पाणी दरवाज्यांच्या खाली असतं, नेहमीच्या वाटेनं बाहेर येत नाही. उपयुक्त साठा ७६. बातमीत ‘धरण पन्नास टक्के’ आलं की आधी बघायचं, कशाचे पन्नास? केगच्या तळाला उरलेल्या बिअरचंच हे मोठं भावंड.

एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो. ‘सर, टँकर खरंच पाच हजारांचा आहे का, हे गावानं कसं ओळखायचं?’ फार चांगला प्रश्न. मीटरची टेप घ्या. टँकर मागून बघितला तर लंबगोल दिसतो. त्याची रुंदी, उंची आणि लांबी मीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ०.७८५ नं गुणा. समजा रुंदी दीड मीटर, उंची १.२, लांबी ३.६. गुणाकार ६.४८, त्याला ०.७८५ नं गुणलं की ५.०९. म्हणजे पाच हजार नव्वद लिटर. टँकरची टोकं फुगीर किंवा दबलेली असली तर थोडा फरक पडेल, बाहेरून मोजल्यामुळे पत्र्याच्या जाडीचाही थोडा पडेल, पण साडेतीन हजारांचा टँकर पाचचा म्हणून आला तर लगेच उघडं पडतं.

दुसरं, वरचं झाकण उघडून काठी घाला. पाणी काठोकाठ नसेल तर लोकांची एक चूक होते. उंचीचा वरचा चतुर्थांश रिकामा दिसला की ते पाव टँकर कमी आला म्हणतात. लंबगोल वर निमुळता असतो, त्यामुळे वरच्या पाव उंचीत पाचवा हिस्साच पाणी मावतं. पाच हजारांतले एक हजार कमी, साडेबाराशे नव्हेत. चालकाशी भांडायचं तर बरोबर आकड्यानं भांडा. उंचीचा वरचा दहावा भाग रिकामा असेल तर सुमारे पाचच टक्के कमी, अडीचशे लिटर. तेवढं हिंदकळण्यासाठी सोडावं लागतं, त्याला हरकत घेऊ नका.

आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे सिलिंडरची युक्ती. जवळपास वजनकाटा असतोच, नसला तर कारखान्याचा उसाचा असतो. टँकर भरून एकदा चढवा, रिकामा करून एकदा चढवा. जितके किलो कमी झाले तितके लिटर पाणी गावाला मिळालं. चालक दोन्ही वेळेला गाडीत बसलेला हवा किंवा दोन्ही वेळेला खाली उतरलेला हवा. काटा मारतात म्हणाल, तर तेही होतं. पण एकाच काट्यावर लागोपाठ दोन वजनं घेतली आणि काटा नेमानं ठरावीक किलोच खात असेल, तर वजाबाकीत ती खोट निघून जाते. शेकडा खात असेल तर मात्र नाही. मग आधी वीस लिटरचे दहा जार भरून चढवा, दोनशे किलो वाढतात का बघा. मोठ्या काट्यावर दहावीस किलोचा फरक दिसला तर सोडून द्या, ते काटे तेवढे बारीक मोजत नाहीत.